प्रतिसाद: गोल्डफिश अंगणातल्या हौदात सोडताना

दुकानातून आणलेले गोल्डफिश सोडण्याआधी त्यांची बंद पिशवी हौदात तरंगत ठेवा, असा सल्ला वर कुणी दिलाय. तो बरोबर आहे, पण त्याने फक्त तापमान जुळतं. हौदाचं पाणीही थोडं थोडं पिशवीत मिसळत जा, मग सोडा. त्याआधी हौद बघा. सिमेंट नवं असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरतो, मासे तग धरत नाहीत. काही आठवडे भरा, उपसा, पुन्हा भरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध दुकानात मिळतं.

ओरांडा (डोक्यावर मांसल टोपी असलेला गुबगुबीत गोल्डफिश) बाहेर नकोच, असं माझं मत. पोहायला संथ, खंड्या आणि ढोकरीला आयतं खाद्य! कॉमेट (लांब शेपटीचे, चपळ गोल्डफिश) चालतील. एप्रिल-मेच्या उन्हात उथळ पाणी तापून प्राणवायू घटतो, तेव्हा निम्म्या हौदावर सावली हवी. आणि पावसाळ्याआधी सांडव्याच्या नळीला जाळी बसवा, नाहीतर मासे थेट ओढ्यात.