नवीन गाडीला बाहेरून काय काय लावू? बंपर गार्ड, मडफ्लॅप, क्रोम, पीपीएफ

खडीचा रस्ता
मंडळी, मदत हवीय. नवीकोरी पांढरी एसयूव्ही आहे, रोज अर्धा रस्ता हायवेचा आणि अर्धा खडीचा. ॲक्सेसरीवाल्याने यादीच हातात दिलीय, पुढे स्टीलचा बंपर गार्ड, चाकांमागे लोंबणारे मडफ्लॅप, खिडक्यांवर चिकटवायच्या पट्ट्या म्हणजे डोअर व्हायझर, हँडल आणि टेललाइटला क्रोम, वर सिरॅमिक कोटिंग. गाडी रुबाबदार दिसायला हवी हे आहेच, पण यातल्या कशाने खरंच बॉडी वाचते ते कळेना, पार गोंधळलेय. पुढच्या बंपरमध्ये पार्किंग सेन्सर आहेत.

डेंटिंगपेंटिंग
ताई, बंपर गार्ड यादीतून आधी काढा. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, धक्का तो खातो म्हणून आत बसलेला माणूस वाचतो. तिथे कडक लोखंडी पाइप थेट चेसिसला बोल्ट केला की तोच धक्का सरळ आत येतो, आणि एअरबॅग कधी उघडायची याचं गणितही कंपनीने मूळ रचनेवर बसवलेलं असतं, तेही बिघडू शकतं. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचे हाल वेगळेच, कित्येक देशांत यावर बंदी आहे ती उगाच नाही. शिवाय पाइप सेन्सरसमोर आला की तो विनाकारण बोंबलत राहणार.

तुमच्या रस्त्याला पहिली गरज मडफ्लॅपची. पुढच्या चाकाने उडवलेली खडी दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकाच्या कमानीपुढे आदळते, तिथला रंग पॉलिशपेपर मारल्यासारखा उडतो आणि पत्रा उघडा पडला की गंज आलाच. कंपनीच्याच स्क्रू-क्लिपच्या जागी बसणारे घ्या, पत्र्याला नवीन भोक पाडू देऊ नका. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना ते वाकून बघा.

मायक्रॉन
सिरॅमिकबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. तो थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाणी घसरतं, धूळ लवकर निघते, चमक छान येते, पण दगड थांबवणं त्याच्या बसची गोष्ट नाही. दगडासाठी पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म असते, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीला करायची गरजच नाही, बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांची पाठ, दाराच्या कडा आणि हँडलमागची खोबण जिथे नखं लागतात, एवढं केलं तरी पुष्कळ. फक्त फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापू देऊ नका, क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, रेघ उमटते, कॉम्प्युटरवर आधीच कापलेली मागा. दोन्ही करणार असाल तर आधी फिल्म, मग कोटिंग.

खडीचा रस्ता
खूप आभार दोघांचे, बंपर गार्ड रद्द. मग क्रोम आणि व्हायझरचं काय? व्हायझर मला मनापासून हवेत, पावसात काच थोडी खाली ठेवता येते.

डेंटिंगपेंटिंग
व्हायझर बिनधास्त लावा, स्मोक रंगाचे पांढऱ्या गाडीवर उठून दिसतात. पण जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून, मगच व्हायझरची चिकटपट्टी (टेप) दाबायला सांगा, आणि गाडी थंडगार असताना नको. टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर नाहीच. क्रोम मला पटत नाही, हँडलवरच्या त्या कव्हरखाली माती-पाणी अडकतं, गाडी चालताना ते सतत थरथरतं आणि आतल्या आत रंग घासला जातो, काढल्यावर दिसतं काय झालंय ते. रुबाबच हवा तर त्याऐवजी छताला काळी ग्लॉस रॅप (चकचकीत रंगीत फिल्म) करा, पांढऱ्यावर फार सुंदर दिसते आणि रंगही झाकलेला राहतो.

मायक्रॉन
+१ काळ्या छताला. आणि ताई, पुढच्या लोगोमागे किंवा ग्रिलमध्ये रडार असेल, म्हणजे गाडी आपोआप ब्रेक लावणारी असेल, तर त्यावर फिल्म, स्टिकर, क्रोम काहीही चिकटवू नका, मॅन्युअलमध्ये त्याची नेमकी जागा दिलेली असते ती फिल्मवाल्याला आधीच दाखवा.