मदत हवी आहे: गावच्या अग्निशमन पथकात अध्यक्षाचं काम कुठे संपतं आणि पथकप्रमुखाचं कुठे सुरू होतं? (मंगळवेढा, जि. सोलापूर)

कडबागंजी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण नीट मांडल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठाला आमची तीन गावं. नदीच्या बाजूला ऊस, आत काळ्या रानात ज्वारी. सुगी झाली की वस्तीवस्तीवर कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात आणि त्याच दिवसांत ऊन तापतं, वाऱ्यानं तारा एकमेकींना घासतात, डीपीतून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून) ठिणग्या पडतात. तालुक्याहून किंवा कारखान्यावरून बंब निघतो, येतोही, पण वस्तीच्या कच्च्या रस्त्यानं पोचेपर्यंत गंजीची राख झालेली असते. म्हणून तिन्ही गावच्या पोरांनी मिळून पथक उभं केलं. एक जुनी पिकअप, तिच्यावर हजार लिटरची टाकी आणि फवारणीचा एचटीपी पंप. जवळच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांचे फवारणीचे ब्लोअर हाक मारली की येतात. पगारी कुणीही नाही.

संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे. कार्यकारी मंडळ सात जणांचं, मी सचिव. सातांतले चौघे एकाच भावकीतले. अध्यक्षांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. पिकअप त्यांनी दिली, सुरुवातीचं डिझेल त्यांच्या खिशातून गेलं, नोंदणीसाठी हेलपाटे त्यांनीच घातले. ते नसते तर पथक झालंच नसतं आणि ही गोष्ट मी कुणालाही विसरू देणार नाही.

आता अडचण. गेल्या मार्चमध्ये एकाच दुपारी दोन फोन आले. एका गावात गोठ्याला लागून असलेली गंजी पेटली होती. दुसऱ्या गावात डीपीखालचं गवत पेटलं होतं आणि शेजारी आप्पांच्या चुलतभावाचा ऊस होता. गाडी गोठ्याकडे निघाली होती. आप्पांनी चालकाला फोन करून ती उसाकडे वळवली. ऊस पेटलेला नव्हता, पेटेल अशी भीती होती. गाडी माघारी गोठ्यावर आली तोवर दोन म्हशी गेल्या होत्या आणि दावी सोडवताना आमच्या एका पोराचे दोन्ही हात भाजले. त्याच्या दवाखान्याचा खर्च वर्गणीतून केला.

त्यानंतर पोरांनी गाडीची चावी माझ्या घरी आणून ठेवली. "आप्पा सांगतील तिकडं जायचं असेल तर आम्ही येणार नाही," असं स्पष्ट सांगितलं. आप्पांचं म्हणणं, गाडी माझी, संस्था माझ्या नावावर, मग हुकूम कुणाचा चालणार? मनानं ते वाईट नाहीत. पण गाडी अशी वळत राहिली तर उद्या माणूस जाईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

मला विचारायचं आहे ते असं. मंडळ आणि प्रत्यक्ष विझवणारी माणसं यांच्या अधिकाराची वाटणी कागदावर कशी करायची? मंडळाची पाच वर्षांची मुदत संपलेली आहे, निवडणूक कशी लावायची? गाडी आप्पांच्याच नावावर आहे, त्याचं काय? आणि हे सगळं आप्पांना न दुखावता होईल का? पुढची सुगी यायच्या आत मार्गी लागायला हवं.

लेखाजोखा:

ताई, धर्मादाय आयुक्तांकडची संस्थांची कामं बरीच वर्षं बघतो, त्या अनुभवावर लिहितो.

"संस्था माझ्या नावावर" असं काही कायद्यात नसतं. नोंदणी झाली त्या दिवसापासून ती सार्वजनिक न्यासाची मालमत्ता, विश्वस्त फक्त सांभाळणारे. ही गोष्ट आप्पांना कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी. बहुतेक संस्थापकांना ती कधीच कुणी सांगितलेली नसते.

मुदत संपली असेल तर आधी तुमची नियमावली बाहेर काढा. सर्वसाधारण सभा कोण बोलावतो, नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती आणि सभासदांनी मागणी केली तर सभा घ्यावी लागते का, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. तिथं लिहिलंय तसंच करा, एक दिवससुद्धा कमी नको. नोटीस पोचल्याच्या सह्या घ्या. निवड झाली की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे मंडळ बदलल्याची नोंद करायचा अर्ज, द्यायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि प्रकरण रेंगाळतं. मंडळ सभाच घेत नसेल तर कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात. ४१ड म्हणजे विश्वस्ताला काढण्याचं कलम, पण त्याच्या वाटेला आत्ता जाऊ नका. ते वापरलं की गावात कायमची दोन तोंडं होतात.

पैशाबद्दल एक. नवी गाडी घ्यायला कर्ज काढायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर कलम ३६अ प्रमाणे आयुक्तांची आधी परवानगी लागते. आणि आग विझल्यावर लोक हातावर पैसे ठेवतात, त्याची पावती त्याच दिवशी फाडा. पथकावरचा विश्वास आधी पैशात तुटतो, मग रानात.

बंबाचाशिटी:

नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आयुष्य गेलं. गोठ्याची हकिगत वाचून जीव कळवळला. पोराचे हात कसे आहेत?

आमच्याकडे शिकवतात ते साधं आहे. जागेवर हुकूम एकाचाच. आधी पोचलेला प्रशिक्षित माणूस प्रमुख, त्याच्याहून वरचा आला की तो सांगून ताबा घेतो आणि सरकारी बंब आला की तुमचा प्रमुख काय पेटलंय, आत कुणी आहे का, पाणी कुठून मिळेल एवढं सांगून ताबा देतो. फोनवरून घरी बसलेला माणूस, मग तो कुणीही असो, गाडी वळवू शकत नाही, कारण त्याला धूर दिसत नसतो. क्रमही ठरलेला असतो. आधी माणूस, मग जनावर, मग घर-गोठा, मग गंजी, शेवटी उभं पीक. हा क्रम गाडीच्या दारावर रंगवून घ्या. मग चालकाला कुणाच्या शब्दाला नाही म्हणायची वेळच येणार नाही, तो दाराकडे बोट दाखवेल.

डीपीचं गवत म्हणालात म्हणून सांगतो. महावितरणकडून लाइन बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत पाणी मारायचं नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून तारेखाली फवारा मारणारी पोरं मी पाहिली आहेत. लाइनमनचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा.

माणकाठ:

मी सांगोल्याचा. आमच्याकडं असंच पथक सुरू झालं हुतं, दोन हंगामात बंद पडलं. कारण हेच, गाडी कुणाच्या दारात हुबी राहायची ह्यावरून भांडणं.

ताई, कायदा बरोबर हाय, पण आधी आप्पांच्या घरी जावा. सभेत सगळ्यांसमोर त्यांना खाली बसवलं तर चुलतभाऊ, मेहुणे सगळे उठून जातील आन गाडी बी जाईल. त्यांच्या वयाचा, त्यांचा शब्द मानणारा एखादा माणूस संगं घ्या. त्या भाजलेल्या पोरालाच घेऊन जावा म्हणलं तरी चालंल, पण त्याला वाटलं तरच. त्याला पुढं करून आप्पांना लाजवायचं असं नको. आन संस्थापक म्हणून त्यांचं नाव गाडीवर कायमचं लिहा. मानाला मान द्यावा, त्यात कंजुषी नको.

बार्शीकर_बाथर्स्ट:

मूळचा बार्शीचा, आता ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये राहतो आणि इथल्या रूरल फायर सर्व्हिसच्या गावच्या ब्रिगेडमध्ये, म्हणजे अग्निशमन पथकात, स्वयंसेवक आहे. या एका राज्यात सत्तर हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत, १९९७ च्या कायद्याखाली चालतं. तुमचा प्रश्न इथे ज्या पद्धतीनं सोडवलाय ते सांगतो, जशास तसं लागू होईल असं नाही.

प्रत्येक ब्रिगेडमध्ये पदांच्या दोन वेगळ्या रांगा असतात. एका रांगेत प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर: सभा, हिशेब, पत्रव्यवहार. दुसऱ्या रांगेत कॅप्टन आणि त्याचे डेप्युटी: आग, गाडी, सराव. दोन्हींची निवड सभासद वार्षिक सभेत करतात. आगीवर कॅप्टन बोलतो आणि प्रेसिडेंट तिथं हजर असला तरी तो साधा सभासद म्हणून होज (पाण्याचा पाइप) धरतो. सभेत उलट, कॅप्टनला हात वर करून बोलावं लागतं. मूळ प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणालाही आगीवर नेत नाहीत, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

गाड्यांची मालकी हा इथेही वादाचा विषय आहे. सरकारी निधीतून घेतलेल्या गाड्या कायद्यानं स्थानिक कौन्सिलच्या नावे लागतात आणि त्यांचा घसारा कुणाच्या हिशेबात धरायचा यावर कौन्सिलं आणि राज्य सरकार यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. पण कुणा एका माणसाच्या नावावर गाडी, असं नसतं.

लेखाजोखा:

वरच्यांच्या गाडीच्या मुद्द्याला जोडून. पिकअप आप्पांच्या नावावर आहे तोवर अपघात झाला तर दावा त्यांच्यावरच येणार. मालवाहू गाडीच्या मागे बसलेल्या पोरांची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. टाकी-पंप बसवून गाडीत बदल केला असेल तर आरटीओची मंजुरीही बघा. हे त्यांना सांगा. दानपत्र करून गाडी संस्थेच्या नावावर घेतली तर त्यांच्याच डोक्यावरचं ओझं उतरतं. माझ्या मते बोलणी इथूनच सुरू करावी, अधिकारापासून नको.

स्वयंसेवकांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होतो, अपघाती मृत्यू किंवा अपघातानं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. पण भाजण्याचा दवाखाना त्यात येत नाही. त्यासाठी गट अपघात विमा वेगळा काढा आणि त्याचा हप्ता अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला ठेवा, डिझेलच्याही आधी.

चावडीवरून:

ग्रामपंचायतीत काम करतो. एक मूळ गोष्ट कुणी लिहिली नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत, अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात ती नाही. म्हणून खेड्यातली आग नेमकी कुणाची जबाबदारी हे कुणीच बोट ठेवून सांगत नाही आणि तुमच्यासारख्यांना स्वतःच्या खिशातून उभं राहावं लागतं. याचा राग यायलाच हवा.

तरी करता येण्यासारखं आहे. तिन्ही ग्रामसभांत पथकाला मान्यता देणारा ठराव घ्या आणि प्रत तहसीलदारांकडे द्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असतं, आपदा मित्रांचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण त्याच रचनेतून होतं. तुमची पोरं त्यात बसतात का ते तिथं विचारा. मंडळात मात्र सरपंचांना मतदानाचा अधिकार देऊ नका, निमंत्रित ठेवा. सरपंच बदलतात, पक्ष बदलतात, आणि निवडणूक आली की पहिला फलक गाडीवर लागतो.

कडबागंजी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पोराचे हात बरे होतायत, मुठी वळतात, पण उजव्या हाताची कातडी अजून ताणते.

काल आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आणि मी आप्पांकडे गेलो. गाडीच्या विम्यापासूनच बोलायला सुरुवात केली. दाव्याचं ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. दानपत्राला तयार आहेत. पथकप्रमुख पोरांनी निवडायचा, यावर मात्र अडले. म्हणाले, "पोरं आज हायती, उद्या पुण्याला जातील, मग?" हा त्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. आमची पोरं खरंच जातात.

नियमावलीत घालण्यासाठी कलम लिहिलंय, तपासून द्या:

"आगीकडे जाताना व आगीच्या ठिकाणी गाडी आणि स्वयंसेवकांना सूचना देण्याचा अधिकार फक्त पथकप्रमुखास, त्याच्या गैरहजेरीत उपप्रमुखास राहील. कार्यकारी मंडळाचा कोणताही सदस्य सूचना देणार नाही. ज्याच्या स्वतःच्या किंवा भावकीच्या मालमत्तेला आग लागली आहे तो त्या वेळी प्रमुख म्हणून काम करणार नाही. पथकप्रमुख व उपप्रमुख यांची निवड प्रशिक्षण पूर्ण केलेले स्वयंसेवक दरवर्षी करतील."

बंबाचाशिटी:

भावकीचं वाक्य चांगलं आहे, पण असंच ठेवलं तर अडचण होईल. तीन गावांत भावकी नसलेला माणूस मिळणार कुठून? "स्वतःच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या" असं करा. भावकीचा प्रश्न दारावरचा क्रम सोडवेल. प्रमुख-उपप्रमुख कुणीच नसतील तर काय, तेही लिहा: "हजर असलेल्यांपैकी सर्वांत जुना प्रशिक्षित स्वयंसेवक." आणि सरकारी बंब आल्यावर ताबा त्यांच्याकडे, हे वाक्य राहून गेलंय.

आप्पांच्या शंकेला उत्तर: एक नाही, तीन उपप्रमुख ठेवा, प्रत्येक गावातून एक, आणि त्यात शेती करणारा किमान एक हवाच. शेतकरी गावात राहतो.

लेखाजोखा:

एक भर. मंडळाचे अधिकारही त्याच कलमाखाली लिहा: सराव किती वेळा झाला, प्रत्येक आगीची नोंदवही भरली का, सामान तपासलं का, हे विचारायचा पूर्ण हक्क मंडळाला, आणि प्रमुखानं दर बैठकीला ते सांगायचं. आगीनंतर जाब विचारता येतो, आगीत नाही. नाहीतर आप्पांना वाटेल की सगळं काढून घेतलं. नियमावलीतली दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या, नुसत्या मंडळाच्या ठरावावर चालणार नाही.

कडबागंजी:

तीन उपप्रमुखांचं ऐकून आप्पांनी स्वतः एक नाव सुचवलं, ज्याचे हात भाजले त्याचं. तो हो म्हणतोय, पण प्रशिक्षण झाल्यावरच, असं त्याचंच म्हणणं आहे. कलम तुम्ही सांगितलं तसं बदलून घेते. नोटीस तिन्ही गावांत लावायची आहे. सचिव म्हणून माझी एकटीची सही पुरेल की मुदत संपलेल्या मंडळाचा बैठक ठरावही जोडावा लागेल, एवढं सांगा.

लेखाजोखा:

ठराव जोडा. सातांपैकी जितके येतील तितक्यांच्या सह्या घ्या आणि आप्पांची सही पहिली घ्या. म्हणजे पुढे बदल अर्जाला हरकत यायचा संभव कमी. नोटिशीत विषय स्पष्ट लिहा: निवडणूक, नियमावली दुरुस्ती, गाडीचं दानपत्र. "आयत्या वेळचे विषय" यात यांतलं काहीही ढकलू नका.