परत घेतलं, पण नवीन म्हणून
"जिथनं काढलं तिथं परत तोंड दाखवू नये" असं नोकरीवरनं काढलेल्यांना सांगतात, ते काय मला पटत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतनं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातनं) मला काढलं होतं, सुपरवायझरशी वाजलं म्हणून. आठ महिन्यांनी तिथं मोल्डिंगला (साचे बनवायच्या कामाला) माणूस मिळेना असं कळलं, तसा मीच मालकांना जाऊन भेटलो. चूक माझी होती, तेही सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि एचआरकडं अर्ज द्यायला लावला.

सहसा कुणी सांगत नाही ते सांगतो. मला घेतलं ते नवीन भरती म्हणून. कामगाराचा टोकन नंबर नवा. पीएफचा यूएएन (कायमचा नंबर) तोच चालला, पण ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) मिळायला लागणारी ५ वर्षं पुन्हा शून्यापासनं. आधीची चार वर्षं पाण्यात! सही करायच्या आधी हे विचारा; मी घाईत विचारलंच नाही.