दहा तुकड्या, 450 तासिका, तेरा शिक्षक: वेळापत्रक बसवायचं कसं?

भाषेच्या बाई
यंदा वेळापत्रकाची वही माझ्याकडे आली. पर्यवेक्षक निवृत्त झाले आणि "बाई, तुमचं अक्षर चांगलंय" म्हणत मुख्याध्यापकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. अक्षराचा इथे काय संबंध, देव जाणे.

शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, सोलापूरच्या पूर्व भागात. पाचवी-सहावीची एकेक तुकडी, सातवी ते दहावी दोन-दोन. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी सकाळच्या शाळेत पाच. म्हणजे तुकडीला 45, एकूण 450. पंधरा शिक्षक होते तोवर माणशी 30 यायच्या. नव्या संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची मंजूर पदं ठरतात ती) दोन पदं गेली, आता 35 च्या घरात जातात. त्यात अतिरिक्त ठरलेल्यांपैकी एक गणिताचे. सातवी ते दहावीच्या आठ तुकड्या, गणित आठवड्याला सात, म्हणजे 56 तासिका, आणि गणिताचे सर आता एकच. आठवड्यातच 45 तासिका आहेत, तर 56 घेणार कुठून? हिंदीला मात्र तिघं आहेत!

शिवाय चित्रकलेचे सर अर्धवेळ, फक्त सोमवार ते बुधवार. एक सर मोहोळहून एसटीने येतात, ते पहिली तासिका नको म्हणतात. वही तीनदा खोडून झाली. सुरुवात कुठून करू?

निवृत्त पर्यवेक्षक
बाई, वही मिटा. आधी कार्यभाराचा तक्ता करा: कोण, कोणता विषय, कोणती तुकडी, किती तासिका. तो जुळल्याशिवाय वार आणि वेळेला हात लावायचा नाही.

गणित आणि विज्ञान एकत्र धरा. गणित 56, विज्ञान सहाप्रमाणे 48, बेरीज 104. विज्ञानाला दोघं असतील तर तिघांत माणशी 35 च्या आत बसतं. पण तुकडी अर्धी तोडता येत नाही. गणिताच्या सरांना नववी-दहावीच्या चार आणि आठवीची एक, म्हणजे 35. उरलेल्या तीन तुकड्यांचं गणित विज्ञानवाल्यांकडे. एकाकडे 37 जातील, दुसऱ्याकडे 32. ज्यांच्याकडे 32 त्यांना प्रयोगशाळा द्या, कुरकुर कमी होते. पाचवी-सहावीचं गणित-विज्ञान डीएडवाल्यांकडे. या तिघांना बदली तास (रजेवरच्या शिक्षकाच्या जागी घ्यायचे) लावायचे नाहीत, ते हिंदीवाल्यांना.

फळ्यावर पहिल्यांदा अडचणीचं मांडा. आठवीपासून संयुक्त संस्कृत (निम्मी हिंदी, निम्मं संस्कृत) असेल तर दोन्ही तुकड्यांची हिंदी एकाच वेळी हवी, कारण मुलं वर्ग बदलतात. मग चित्रकला, मग प्रयोगाची जोडतासिका. मराठी, इतिहास शेवटी, ते कुठेही मावतात. आणि मोहोळच्या सरांना शनिवारी पहिली तासिका द्या. एक दिवस लवकर निघाल्याने काही होत नाही.

अक्कलकोट रोड
मी एफईटी वापरतो, वेळापत्रक बसवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. फायदा असा की बसत नसेल तर नेमकी कुठली तासिका अडली ते दाखवतं. मुख्याध्यापकांना माणसाने सांगितलेलं पटत नाही, पडद्यावर दिसलं की पटतं.

दक्षिण तालुका मुख्याध्यापक
वेळापत्रक बसेल हो, पण पदं का गेली ते पाहिलंत का? संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार वैध नसलेली मुलं धरलेली नसतात. पूर्व भागात हे हमखास होतं. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर मागे, कुठे नुसतं इंग्रजी आद्याक्षर. मूल रोज वर्गात बसतं, पण मोजणीत नाही. जून-जुलैतच वर्गशिक्षकांकडून अवैध आधारची यादी काढून घ्या. पालकांचा पगाराचा दिवस बघून बोलवा, एरवी यंत्रमाग सोडून कोणी येत नाही.

भाषेच्या बाई
सगळ्यांचे आभार. काल तक्ता केला, 37 आणि 32 च आलं. 32 वाल्या सरांनी न भांडता मान्य केलं, प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. आधारची यादी मागितलीय, सातवीच्या एकाच तुकडीत सहा नावं निघाली.

एकच राहिलं. संस्थेचे सचिव म्हणतात, शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याला 45 तास लिहिलेत, मग 35 तासिकांची ओरड कशाला? काय उत्तर देऊ?

निवृत्त पर्यवेक्षक
ते 45 तास साठ मिनिटांचे, आणि तयारी धरून. 35 मिनिटांच्या 35 तासिका म्हणजे वीस तासांच्या वर शिकवणं. उरलेल्यात वह्या, पेपर, परिपाठ, पोषण आहाराची नोंद, आधारची यादी आणि बदली तास. एक आठवड्याची बदली तासांची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवा, तोंडी काही बोलू नका. जमलं तर घड्याळी तासिकांच्या (तासावर मानधन घेणाऱ्या) दोन शिक्षकांची मागणी त्याच पत्रात घाला. मानधन संस्थेला द्यावं लागेल, म्हणून आकडा तुम्ही लिहू नका, त्यांनाच काढू द्या.