त्रिपुरारीच्या पहाटे पंचगंगा घाटावर आईला न्यायचंय – दमा, गुडघे आणि लहान मूल, कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

बदलीमुळे आम्ही यंदाच कोल्हापुरात आलोय, राहायला राजारामपुरीत. त्रिपुरारीच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात, रांगोळ्या काढतात, आतषबाजी होते, हे शेजारच्या काकूंनी आईला फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून तिने धरून ठेवलंय की या वेळची त्रिपुरवात पंचगंगेकाठीच लावायची. परभणीला ती दरवर्षी महादेवाच्या देवळात लावते. तिची ही इच्छा मला पुरी करायचीच आहे.

आधी तारखेचं. २०२६ ची त्रिपुरारी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. पौर्णिमा २३ च्या मध्यरात्रीच्या आसपास लागते आणि २४ ला रात्री साडेआठच्या आत संपते. म्हणजे घाटावरचे दिवे २४ च्या पहाटे, असं मी धरलंय. बरोबर ना? आईच्या गाडीचं आरक्षण त्यावर अडलंय.

खरी काळजी धुराची. आईला दमा आहे. नोव्हेंबरात नदीकाठी पहाटे गार हवा खाली बसलेली असते, त्यामुळे फटाक्यांचा धूर वर न जाता पाण्यालगत रेंगाळणार. पंप जवळ असेलच, पण तिला धुरात उभंच करायचं नाहीये. विचार असा आहे की चारच्या सुमाराला पोचायचं, तिच्या हातून वात लावून घ्यायची आणि दारूकाम सुरू व्हायच्या आत तिला गंगावेशीकडे परत आणायचं. हे जमण्यासारखं आहे का? आतषबाजी पणत्या लागल्या लागल्या होते की उजाडता उजाडता? एकदा गर्दी भरली की उलटं वर येता येतं का?

दुसरं, घाटाच्या पायऱ्या. गुडघ्यांमुळे ती फार उतरू शकत नाही, आणि पणत्यांचं तेल सांडून दगड निसरडे होत असतील. वरच्याच एखाद्या टप्प्यावर, स्टूल टाकून बसून वात लावता येईल अशी जागा कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा. आजूबाजूला सगळीकडे ज्योती असणार म्हणून तिला नायलॉनची नाही, सुती साडी नेसायला सांगितलंय. पदराचं तेवढं मी बघेन.

आणि धाकटा. पाच वर्षांचा आहे. आकाशातले रंग त्याला फार आवडतात, पण धडाम आवाज झाला की अंग थरथरतं त्याचं. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला नियमाने मनाई आहे. घाटावर ती पाळली जाते का? नुसते शोभेचे असतील तर मिस्टर त्याला जवळून दाखवतील, नाहीतर शिवाजी पुलाच्या बाजूने लांबूनच. तिथून नीट दिसतं का, आणि त्या वेळी पुलावर उभं राहू देतात का?

गाडी कुठे लावायची? रिक्षाने गेलो तर पहाटे परतीला मिळते का?

नंतर गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध आणि मग अंबाबाईचं दर्शन, असा आईचा बेत आहे. मंगळवार असल्याने रांग मोठी असेल. तेव्हा घाटावरून थेट देवळात जावं की आधी घरी आणून तिला थोडं आडवं होऊ द्यावं? ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेलंय त्यांनी कृपया लिहा.