मदत हवी आहे: .४५ च्या १९११ ला .४६० रोलंडचं किट बसवावं का?

डोंगरवाट:
मंडळी, मी मोंटानात राहतो (हो, इथेही मराठी माणूस सापडतो). माझ्याकडे पोलादी फ्रेमचं (सांगाड्याचं) १९११ पिस्तूल आहे, .४५ एसीपी हे काडतूस झाडणारं. उन्हाळ्यात ग्लेशियर पार्ककडच्या डोंगरांत हिंडणं होतं, आणि तो ग्रिझली अस्वलांचा मुलूख. अस्वलावर फवारायचा स्प्रे कमरेला असतोच, तेव्हा 'आधी स्प्रे घ्या' हा सल्ला कृपया नको.

.४५ ची २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ८५० फुटांनी जाते. ग्रिझलीच्या कवटीपुढे मला ती तोकडी वाटते. .४६० रोलंड हे त्याहून जोरदार काडतूस; त्यात तेवढ्याच वजनाची गोळी १३४० फुटांपर्यंत नेतात, म्हणजे ऊर्जा जवळजवळ अडीचपट. किटमध्ये नवी नळी (बॅरल), तिच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर (गॅस वळवून धक्का कमी करणारा तुकडा) आणि धक्का झेलणारी जड रिकॉइल स्प्रिंग येते. स्लाइड (गोळी सुटताच मागे सरकणारा वरचा भाग) आणि फ्रेम मात्र जुनीच. .४५ एसीपीच्या दाबाची मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), रोलंडचा दाब त्याच्या दुपटीकडे जातो. जुनं लोखंड हे सोसेल?

रेंजवरचे एक ओळखीचे म्हणतात, किटबिट सोड, .४५ च्याच पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) बंदुकीची दारू वाढव. मला पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. की सरळ १० एमएम काडतुसाचं ग्लॉक २० पिस्तूल घेऊ? १९११ चा चाप एकदा बोटाला बसला की दुसरं काही रुचत नाही, ही खरी अडचण.

लोहारकाम:
त्या ओळखीच्यांना लांबूनच नमस्कार करा. रोलंडची पुंगळी .४५ पेक्षा साधारण दीड मिलिमीटर लांब आहे ती मुद्दाम, साध्या .४५ मध्ये ते काडतूस बसूच नये म्हणून. .३५७ मॅग्नमची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा लांब, तीही त्याचसाठी. उलट कोल्टचं .३८ सुपर, साल १९२९: जुन्या .३८ एसीपीच्याच मापाचं, पण जास्त दाबाचं, त्यामुळे त्या काळच्या नाजूक पिस्तुलांत बिनबोभाट जाऊन बसतं. .४५ च्या पुंगळीत दारू ठासलीत तर तुम्ही तोच सापळा स्वतःच्या डब्यात भरून ठेवाल.

शिवाय १९११ च्या नेहमीच्या नळीत पुंगळीच्या बुडाशी खालचा थोडा भाग रॅम्पपाशी (काडतूस आत सरकतं त्या उतारापाशी) उघडा राहतो. दाब वाढला की पितळ तिथेच फुगतं, मग फाटतं, आणि गॅस मॅगझिनच्या वाटेनं थेट हातात. किट घेताना पहिलं हेच बघा, नळी तिथे पुरता आधार देते का.

कॉम्पेन्सेटर शोभेचा नाही. त्याचं वजन आणि पुढे ओढणारा गॅस, दोन्ही मिळून स्लाइडचा मागे येण्याचा वेग आवरतात. तो काढून रोलंड कधीही झाडू नका. नुसती जड स्प्रिंग घालूनही भागत नाही; मागे जाताना ती वाचवते, पण परत येताना स्लाइड तितक्याच जोरानं आपटते. फ्रेम पोलादी आहे हे बरं, अॅल्युमिनियमची असती तर नाहीच म्हटलं असतं. बसवण्याआधी चांगल्या गनस्मिथकडून स्लाइडला तडे नाहीत ना, नळी-स्लाइड जखडणाऱ्या लॉकिंगच्या कडा झिजल्या नाहीत ना, हे तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर ग्लॉक २०. पंधरा गोळ्या, मुळातच त्या दाबासाठी घडवलेलं, आणि काडतुसं जास्त दुकानांत मिळतात.

पुणेरी_नेमबाज:
भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे असला विचारही नको. परवान्यावर जे बोअर (नळीच्या व्यासाचं माप), तेच हत्यार. .३२ चं ९ एमएम केलंत तर ते प्रतिबंधित बोअर, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा.

डोंगरवाट:
आभार. दारू वाढवण्याचा विषय संपला. किट अजून डोक्यातून जात नाही. कॉम्पेन्सेटरमुळे लांबी वाढते, मग माझं चामडी होल्स्टर बाद का?

लोहारकाम:
खालून बंद असेल तर बाद. तळ उघडा असलेलं घ्या, आणि छातीवर बांधायचं बघा. पाठीवर सॅक असली की कमरेचं हाताला लागत नाही.