मदत हवी आहे: आठ चहा आणले, सगळे सारखेच लागतायत!

अर्धाकप
नमस्कार, सरळ मुद्द्यावर येतो कारण डोकं फिरलंय. गेल्या महिन्यात आठ प्रकारचे चहा जमवले. वाण्याकडची सुटी ममरी (दाणेदार चहा), दोन पाकीटवाले, एक आसाम ऑर्थोडॉक्स (दाणे न करता पान वळून केलेला), एक निलगिरी, दार्जिलिंगचे दोन (फर्स्ट फ्लश आणि सेकंड फ्लश), आणि एक कांगडा, जो भावाने धरमशाळेहून आणला. वहीत तक्ता आखलाय, रंग वास कडकपणा तुरटपणा आणि गिळल्यावर मागे काय राहतं, प्रत्येकाला 10 पैकी मार्क. ऑफिसात आम्ही चौघं रोज एक चहा पितो आणि मार्क देतो. दोन आठवडे झाले, सगळ्यांना 6 ते 7 च्या मधेच मार्क पडतायत!! 480 रुपये किलोच्या ममरीला साडेसहा आणि 100 ग्रॅमला 650 मोजलेल्या फर्स्ट फ्लशलाही साडेसहाच. दुकानदाराने फसवलं का आमच्या जिभाच बाद आहेत? रविवारी माझ्या घरी फायनल आहे, ज्याचा अंदाज चुकेल त्याने सगळ्यांना मिसळ. कृपया "आवडेल तो प्या" असले सल्ले नकोत.

चहाटळ
दूध घालता का? साखर?

अर्धाकप
दूध थोडंसंच. साखर आपली नेहमीची. मुद्दा तो नाहीये, आठही एकाच पद्धतीने केले म्हणजे तुलना बरोबरच झाली ना?

फर्स्टफ्लश
"थोडंसंच" वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि बाल्कनीत जाऊन आलो. अहो फर्स्ट फ्लश म्हणजे थंडीनंतरची पहिली खुडणी, मार्च-एप्रिलची, ते पान इतकं वाळवतात की तयार झाल्यावरही हिरवट दिसतं. त्यात दूध आणि साखर म्हणजे काय उरणार? पाण्याला आधण आलं की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग कपाला 2 ग्रॅम पत्ती, 3 मिनिटं झाकून ठेवा, गाळा, बस. सेकंड फ्लश मे-जूनचा. त्याला जो द्राक्षासारखा वास म्हणतात तो कशामुळे येतो माहितेय का, तुडतुडे! हो तेच, आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर पडतात त्यांचे भाऊबंद. ते कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला जे तयार करतं त्यातून तो वास येतो. लोक त्यासाठी पैसे मोजतात आणि तुम्ही त्यावर साय आणताय.

कांगड्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो, तिथला चहा एकेकाळी जोरात होता, 1905 च्या भूकंपात बागा-कारखाने उद्ध्वस्त झाले ते पुन्हा तसे उभे राहिलेच नाहीत. तो तरी कोरा प्या. विनंती.

बशीबहाद्दर
झालं सुरू यांचं. चहा म्हणजे उकळलेला, दुधाचा, आणि बशीतून. सीटीसी मशीन 1930 च्या सुमारास आसामात आलं, पान चिरडून फाडून त्याच्या गोळ्या करतं, म्हणून रंग झटकन उतरतो आणि दुधाला पुरून उरतो. ममरी म्हणजे तेच. ज्याचा रंग दुधात उतरत नाही तो चहा नाही, कोमट गवताचं पाणी आहे. धागालेखक, तुमची जीभ शाबूत आहे, खिशाचं बघा.

फर्स्टफ्लश
काका, तुम्ही जे पिता ते चहा घातलेलं दूध आहे. हलके घ्या.

बशीबहाद्दर
हलकं तुम्हीच घेता, आम्ही कडक घेतो.

इंजिनिअर_अण्णा
कोणीच मूळ प्रश्नाला हात घालत नाहीये. पाणी! पाणी कुठलं आहे? बोअरचं असेल तर आठ काय ऐंशी चहा आणा, सगळे मुके लागणार. कोरा चहा कपात 10 मिनिटं ठेवा, वर तपकिरी तवंग आला, चमच्याने हलवला की पापडासारखा तुटला, तर पाणी जड आहे, तो कॅल्शियमचा खेळ असतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, दीड-दोनशेत येतं. मी तर मंगल कार्यालयात पण घेऊन जातो.

अर्धाकप
नळाचं पाणी, नाशिक, गंगापूर धरणाचं. तवंग वगैरे नाही. पाण्याचं काही नाहीये हो.

इंजिनिअर_अण्णा
धरणाचं असलं तरी टाकीत येतं ना? टाकी कधी धुतली होती?

उन्हाळीवाळवण
चहाचा विषय आहे म्हणून लिहिते. गुळाचा चहा फाटत असेल तर गूळ दुधासोबत उकळू नका. चहा गाळून झाला, उकळी बसली, की कपात किसलेला गूळ घालायचा आणि हलवायचं. आमच्याकडे कोल्हापूरला जावेने शिकवलं, बारा वर्षांत एकदाही फाटला नाही. आणि गवती चहाची पात धुऊन गाठ मारून टाकायची म्हणजे गाळणीत अडकत नाही.

फिल्टरकॉफी
या सगळ्यावर एकच उपाय, माझं नाव वाचा.

फर्स्टफ्लश
अवांतर: गवती चहा हा चहाच नाही, ते गवत आहे. चहाचं झाड वेगळं, आसामचं मोठ्या पानाचं आणि चीनकडचं लहान पानाचं, झाड एकच, जाती दोन.

उन्हाळीवाळवण
गवत आहे हे नावातच आहे की हो.

अर्धाकप
मंडळी धागा कुठे चाललाय. फसवलं गेलोय का ते सांगा ना. फर्स्ट फ्लशच्या पाकिटावर एसएफटीजीएफओपी असं लांबलचक लिहिलंय, म्हणजे भारीच माल असणार ना?

फर्स्टफ्लश
ती अक्षरं पान केवढं आणि त्यात कोवळे टोक किती याची आहेत, चवीची नाहीत. बागवालेच गमतीने म्हणतात की त्याचा अर्थ "सामान्य माणसासाठी जरा जास्तच चांगला". पाकिटावर बागेचं नाव, खुडणीचं वर्ष आणि दार्जिलिंगचा शिक्का आहे का बघा. आपल्या देशातली पहिली जीआय (भौगोलिक ओळखीची) नोंद दार्जिलिंग चहाचीच, 2004 ची.

चहाटळ
अर्धाकप राव, एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. चौघं ऑफिसात पिता म्हणालात. ऑफिसात गॅस आहे?

अर्धाकप
ऑफिसात गॅस कुठला. सकाळी सव्वासातला घरी करतो, थर्मासात भरतो, साडेदहाच्या सुट्टीत ओततो. त्यात काय सांगायचं, सगळे तसंच नेतात.

चहाटळ
सव्वातीन तास!!!

बशीबहाद्दर
आयुष्यात पहिल्यांदा मी फर्स्टफ्लश यांच्या बाजूने आहे. सव्वातीन तास कोंडलेला चहा ममरीचा असला तरी मी पिणार नाही.

फर्स्टफ्लश
काका 🙏

चहाटळ
आता एक काम करा. थर्मासचं झाकण उघडा, आतली रबराची रिंग नखाने किंवा चमच्याच्या टोकाने काढा आणि नाकाशी धरा. मग इथे येऊन लिहा.

अर्धाकप
अरे देवा. पहिल्यांदा आलं आलं, मग वेलची, आणि मागून ओवा! बायको म्हणते सासरे दवाखान्यात होते तेव्हा दहा दिवस ओव्याचा काढा याच थर्मासातून जात होता, आणि एरवी तीन वर्षं आल्याचा चहा. रिंगेखालच्या खाचेत काळपट चिकट थर निघाला, नखात अडकला, दोनदा हात धुतले तरी बोटाला वास आहे. म्हणजे आम्ही चौघं दोन आठवडे ओव्याला मार्क देत होतो?

इंजिनिअर_अण्णा
तरी पाणी एकदा तपासाच.

चहाटळ
ओव्याला साडेसहा वाईट नाहीत 😂

आता रविवारचं बघू. माझे मामा कोचीला चहाच्या लिलावाच्या धंद्यात होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि घरी करून बघितलेलं सांगतो. रोज एक चहा पिऊन मार्क देण्यात अर्थ नाही, मंगळवारचा चहा सोमवारच्या आठवणीशी लढतो, आठवण नेहमी साडेसहा देते. एका वेळी शेजारी शेजारी ठेवा, आठ नको, तीन-चारच. चहा चाखायचं चक्क आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं) प्रमाण आहे, क्रमांक 3103: 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम, उकळतं पाणी, 6 मिनिटं, पांढऱ्या चिनीमातीच्या झाकणवाल्या भांड्यात. हा चहा पिऊन मजा यावी म्हणून नाही, दोष उघडे पडावेत म्हणून असतो, त्यामुळे तुरट लागणारच, घाबरू नका. आणि बशीबहाद्दर काकांसाठी खुशखबर, त्या प्रमाणात दूध घालून चाखायचीही सोय आहे, मोठ्या भांड्याला 5 मिलिलिटर.

दुसरं, कपाखाली चिकटपट्टीवर नाव लिहा, कोणता कुठला हे ओतणाऱ्यालाही कळू देऊ नका. एका फेरीत तीन कप ठेवा, त्यात दोन एकाच चहाचे. वेगळा कोणता ते ओळखा. ते ज्याला जमत नाही त्याचे मार्क वहीतून खोडा. आणि चमच्याने घोट घेऊन जोरात भुरका मारा, फुर्रर्र आवाज आला पाहिजे, हवा आत गेली की वास नाकाच्या मागून कळतो. मामा असेच भुरकायचे, मामी उठून आत जायच्या.

बशीबहाद्दर
म्हणजे बशीतून फुर्रर्र करणारे आमचे आजोबा शास्त्रशुद्ध होते. घरात उगाच बोलणी खायचे.

फर्स्टफ्लश
फर्स्ट फ्लशला 6 मिनिटं उकळतं पाणी म्हणजे छळ आहे, माझा निषेध नोंदवून ठेवा. बाकी पद्धतीला +१.

अर्धाकप
(रविवार रात्र) अपडेट. सहा मिनिटंवाली पद्धत, काचेचे ग्लास कारण चिनीमातीचे फक्त दोनच निघाले, साखर बंद. चार चहा लावले. ममरी आणि फर्स्ट फ्लश यात आंधळ्यालाही फरक कळेल, एक विटकरी दुसरा फिक्का पिवळा, म्हणून शेवटी दिवा घालवून प्यायलो. तीन कपांच्या फेरीत तिघं पास, एक नापास. नापास मीच. दोनदा.

मार्क: आसाम ऑर्थोडॉक्स 8, सेकंड फ्लश साडेसात, ममरी कोरी 4 पण दूध घातल्यावर साडेआठ, आणि फर्स्ट फ्लशला मी 5 दिले. अहो ओल्या वाटाण्याच्या शेंगेसारखा लागतो! शेजारच्या टेबलवाल्याने त्यालाच 9 दिले आणि उरलेलं पाकीट उचलून घेऊन गेला. कांगडा, निलगिरी पुढच्या रविवारी. मिसळ मीच खाऊ घातली, चौघांची.

फर्स्टफ्लश
वाटाण्याची शेंग हे कौतुक आहे हो! पाकीट योग्य घरी गेलं.

उन्हाळीवाळवण
मिसळीनंतर चहा प्यायलात की आधी? तिखटानंतर जीभ कामाची राहत नाही.

अर्धाकप
आधी हो ताई, तेवढी अक्कल होती. आता नवीन प्रश्न. रिंग रात्रभर खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली, मग उन्हात, ओवा काही जात नाही. नुसती रिंग सुटी कुठे मिळते का? भांड्यांच्या दोन दुकानांत विचारलं, दोघंही म्हणाले नवीन थर्मास घ्या.

इंजिनिअर_अण्णा
सोडा कुठल्या पाण्यात कालवला होता?